ऋतुनिवृत्तीचा काळ आणि विषाद : एका दुखण्याचा इतिहास



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण शाळेकडून आले, तेव्हा मी विषय कळवला आणि त्यानंतर संयोजकांचा दोनदा दूरध्वनी आला. विषय हाच नक्की का, असे त्यांनी अत्यंत सौजन्याने विचारले. त्यांचे नवल वाटण्याचे कारण नाही. इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिकेने निपाणीच्या शाळेत यावे आणि मराठ्यांच्या दक्षिणेतील मोहिमांविषयी किंवा सीमाप्रश्नाविषयी बोलावे, हे सर्वांना सोयीचे. पाळी जाण्याच्या वयात स्त्रीला येणारी खिन्नता हा डॉक्टरांचा विषय, तोही दार लावून बोलण्याचा, अशी आपली समजूत आहे. ही समजूत कशी तयार झाली, हा मात्र इतिहासाचा विषय आहे. आणि ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्या बाईंचा या विषयाशी असलेला संबंध मी आरंभीच सांगणार आहे. बाईंच्या कन्येच्या संमतीने मी हे बोलत आहे, हेही नमूद करते.

१९६९ साली मी या शाळेत होते. बाई आम्हांला इतिहास आणि मराठी शिकवीत. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर पानिपताचा धडा चालू होता. भाऊसाहेबांचा हत्ती मोकळा झाला, इथपर्यंत बाई आल्या आणि थांबल्या. खिडकीबाहेर पाहत उभ्या राहिल्या. तास संपल्याची घंटा झाली तरी त्यांनी पुस्तक मिटले नाही. दुसऱ्या दिवशी तसेच, आणि त्या आठवड्यात आणखी दोनदा. मुलांना अशा गोष्टीची गंमत वाटते. बाईंचे ते खिडकीपाशी उभे राहणे मी फार हुबेहूब वठवीत असे. एकदा मधल्या सुट्टीत माझी ही नक्कल रंगात आली असता वर्ग एकाएकी शांत झाला. मागे पाहिले, तो बाई दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या सोमवारपासून त्या शाळेत आल्याच नाहीत. हजेरीपटावर ‘प्रकृतिअस्वास्थ्यामुळे रजा’ असे लिहिले गेले आणि गावात ‘डोक्यावर परिणाम झाला’ असे म्हटले गेले. १९७१ साली मी एस. एस. एल. सी. होऊन बाहेर पडले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये बाई पुन्हा कामावर रुजू झाल्या, हे मला धाकट्या बहिणीकडून कळले. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी उत्तम शिकवले. मधल्या दीड वर्षाविषयी त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्यांनीही कोणाला सांगितले नाही.

बाई गेल्यानंतर त्यांच्या कन्येने मला काही कागद पाहावयास दिले. त्यांत घरखर्चाच्या वह्या होत्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा वह्यांचा मोह असतो. दुधाचा रतीब, वाणसामान, मोलकरणीचा पगार, भिशीचे हप्ते. त्या रकान्यांच्या कडेला दर महिन्यास एक बारीक फुली होती. फुली कशाची, हे येथील भगिनींना सांगावयास नको. १९६७ अखेरपर्यंत त्या फुल्या घड्याळासारख्या नियमित आहेत. १९६८ पासून त्यांचा मेळ चुकतो. कधी वीस दिवसांनी, कधी अडीच महिन्यांनी. १९६९ च्या आरंभापासून फुलीच्या शेजारी आणखी दोन शब्द येऊ लागतात : ‘झोप नाही’. प्रथम महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून तीनदा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरनंतर अक्षरच बदलते. दुधाचा हिशेब यजमानांच्या हातचा आहे. १९७० च्या ऑगस्टात एक फुली आहे, ती शेवटची. १९७१ च्या उन्हाळ्यात बाईंचे अक्षर परत येते आणि १९७२ च्या प्रारंभानंतर ‘झोप नाही’ हे शब्द कोठेही आढळत नाहीत. तेव्हा बाईंचे वय एकोणपन्नास होते.

या वहीने मला कामाला लावले. जे साधन एका घराच्या फडताळात सापडले, तसे सरकारी दफ्तरांत, ग्रंथांत, मासिकांत काय सापडते, हे मी गेली काही वर्षे पाहत आले.

आपल्याकडील सर्वांत जुना आधार आयुर्वेदाचा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात स्त्रीचे रज बाराव्या वर्षापासून सुरू होते आणि शरीर जरेने पक्व झाल्यावर पन्नाशीला क्षय पावते, असे स्पष्ट सांगितले आहे. हे वर्णन आहे, रोगाचे निदान नव्हे. भूक लागणे वा केस पिकणे याच जातीची ती गोष्ट मानली आहे. दुसरीकडे चरकाने रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला पहिले स्थान दिले आहे. शरीराच्या दुखण्यावर मनाच्या खिन्नतेचा परिणाम होतो, हे आपल्या प्राचीन वैद्यांना चांगले ठाऊक होते. परंतु ही दोन सूत्रे एकत्र बांधून, रज थांबण्याच्या काळात विषाद का वाढावा, असा प्रश्न विचारलेला माझ्या पाहण्यात नाही. प्राचीनांना सर्व काही माहीत होते, असे म्हणण्याची आपल्याकडे एक हौस आहे. ती येथे आवरावी लागते.

ग्रंथांपेक्षा बोली अधिक बोलकी असते. आपण सीमाभागातली माणसे दोन भाषांत जगतो, त्यामुळे हे आपल्याला अधिक लक्षात यावे. मराठीत ‘कावळा शिवला’ असे म्हणत. कानडीत मासिक पाळीला ‘मुट्टु’ म्हणतात, आणि त्याचाही मूळ अर्थ शिवणे, स्पर्श हाच. दोन्ही भाषांनी त्या घटनेकडे विटाळाच्या बाजूने पाहिले. स्वाभाविकपणेच पाळी थांबणे म्हणजे विटाळ संपणे, म्हणजे सुटका. देवघर, सोवळ्याचा स्वयंपाक, पंढरीची वारी, सौंदत्तीचा डोंगर, सर्व तिला महिन्याचे तीसही दिवस मोकळे झाले. ‘सुटले बाई एकदाची’ हा उद्गार आपण सर्वांनी घरात ऐकला आहे, आणि तो खोटा नसतो. पण सुटकेसाठी भाषेत शब्द आहे, त्याच वेळी येणाऱ्या उदासीसाठी नाही. त्या उदासीला मराठीत ‘जीव लागत नाही’, ‘उलघाल होते’, ‘अंगातून वाफा निघतात’ असे तुकड्यातुकड्याने सांगावे लागते. कानडी बाई ‘ब्यासर’ म्हणते आणि थांबते. रजोनिवृत्ती, ऋतुनिवृत्ती हे शब्द पुस्तकातले. स्वयंपाकघरात ते कोणी उच्चारीत नाही.

शब्द नसला की दुखणे दुसऱ्याचे कपडे घालून येते. मार्गशीर्ष पौर्णिमेला, जिला आपल्याकडे रांडाव पुनव म्हणतात, सौंदत्तीच्या यल्लम्मादेवीचे वैधव्य पाळले जाते आणि बांगड्या फोडल्या जातात. पुढे अहेव पुनवेला देवी पुन्हा सवाष्ण होते. लाखो माणसे ज्या डोंगरावर जातात, तेथे शोकाला आणि शोक संपण्यालाही तिथी नेमून दिलेली आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. त्या गर्दीत चाळिशी ओलांडलेल्या, अकारण रडणाऱ्या, अंगात येणाऱ्या स्त्रिया मी लहानपणापासून पाहिल्या. त्या सर्वांना हाच विकार होता, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. मात्र एरव्ही घरात ज्या बाईला मोठ्याने रडता येत नसे, तिला तेथे रडता येई. ज्या देवरशाने बाधा सांगून अशा बाईला मारहाण केली, त्याचे समर्थन मी करीत नाही. पण डोंगराने तिला जे दिले, ते दवाखान्याने दिले नाही, एवढे नोंदवून पुढे जाते.

आता युरोपाकडे वळू, कारण आजच्या डॉक्टरांची भाषा तेथून आली. फ्रेंच वैद्य द गार्दान याने १८१६ साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि १८२१ च्या आवृत्तीत ‘मेनोपॉज’ हा शब्द रूढ केला. म्हणजे हा शब्द पेशवाई बुडाली त्याच सुमाराचा आहे. १८५७ साली, आपल्याकडे उठाव चालू असताना, लंडनच्या एडवर्ड टिल्ट या डॉक्टरने जीवनातील या बदलावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. स्त्रीच्या मनाचे जवळजवळ प्रत्येक दुखणे त्याने या काळाशी जोडले. १८९६ साली जर्मनीचे मानसरोगतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत उतारवयातील विषण्णतेला स्वतंत्र रोगाचे स्थान दिले. उतार सुरू झाला, आता ही बाई सुधारण्याची आशा थोडी, असा त्यामागचा सूर होता.

येथे एक सुंदर गोष्ट घडली. क्रेपेलिन यांच्याच रुग्णांच्या नोंदी ड्रायफुस नावाच्या तरुण सहकाऱ्याने पुन्हा तपासल्या आणि १९०७ साली आपला निष्कर्ष मांडला. त्यांतील बहुतेक रुग्ण कालांतराने बरे झाले होते आणि पुष्कळांना तरुणपणीही असा झटका येऊन गेला होता. क्रेपेलिन यांनी आपले मत सोडले. स्वतःच्या ग्रंथातील प्रकरण दुसऱ्याच्या पुराव्यावर मागे घेणारे विद्वान आमच्या इतिहासाच्या क्षेत्रात मी फार थोडे पाहिले आहेत. परंतु गुरूने सोडलेले मत जगाने सोडले नाही. अमेरिकी मानसरोगतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात १९५२ आणि १९६८ या दोन्ही आवृत्त्यांत हा रोग राहिलाच. १९७९ साली मर्ना वाइसमन यांनी तो एक भ्रम आहे, असा लेख लिहिला. वयपरत्वे तपासता ऋतुनिवृत्तीच्या वयातील नैराश्य इतर वयांतील नैराश्याहून वेगळ्या लक्षणांचे नसते, असे त्यांनी दाखवले. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीतून ते नाव वगळले गेले.

नाव वगळले गेले हे योग्यच झाले. पण लंबक दुसऱ्या टोकाला गेला. असा वेगळा रोग नाही, म्हणजे अशा बाईला काही होतच नाही, असा अर्थ अनेक ठिकाणी घेतला गेला. एकीकडे १९६६ साली रॉबर्ट विल्सन या अमेरिकी डॉक्टरने संप्रेरकाच्या गोळ्यांनी स्त्री कायम तरुण राहील, असे सांगणारे पुस्तक लिहून खप मिळवला होता. दुसरीकडे हे सारे मनाचे खेळ म्हणून झटकून टाकणारे होते. २००२ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत त्या गोळ्यांचे धोके पुढे आले आणि जगभर त्यांचा वापर एकदम घटला. पुढे त्याच माहितीची फेरतपासणी झाली, तेव्हा पाळी जाऊन फार वर्षे न झालेल्या, साठीच्या आतील स्त्रियांत धोका पुष्कळ कमी असल्याचे आढळले. या साऱ्या उलथापालथीत निपाणीच्या बाजारपेठेतील बाईपर्यंत काय पोचले? ताकदीचे इंजेक्शन.

आपल्या मुलखातील सरकारी दफ्तराकडे येते. बेळगाव आणि धारवाड हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत मुंबईच्या कारभारात होते. धारवाडला १८४५ पासून वेड्यांचे इस्पितळ आहे. आज तीच संस्था डिमहान्स या नावाने मानसिक आरोग्याचे शिक्षणही देते. आमच्या लहानपणी ‘धारवाडला पाठवा हिला’ म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नसे. मुंबई इलाख्यातील अशा इस्पितळांचे वार्षिक अहवाल निघत आणि त्यांत वेडाच्या कारणांचे तक्ते असत. गांजा, भांग, शोक, ताप, बाळंतपण, अशी कारणे त्यांत भेटतात. त्या तक्त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या मानाने पुष्कळच कमी आहे. त्यावरून हिंदी स्त्रीला मनोविकार कमी होतात, असे अनुमान काढण्याचा मोह साहेबालाही झाला. माझा निष्कर्ष साधा आहे. रस्त्यावर भटकणारा वेडा पोलिसाच्या नजरेस येई. माजघरात भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई कोणाच्या नजरेस येणार? ती दफ्तरात नाही, कारण ती घरात होती.

सुधारकांच्या लिखाणात ती सापडेल, अशी माझी फार अपेक्षा होती. विधवाविवाहाचा १८५६ चा कायदा, ताराबाई शिंदे यांची १८८२ सालची ‘स्त्रीपुरुषतुलना’, १८९१ चा संमतिवयाचा कायदा, कर्व्यांचे हिंगणे, रघुनाथरावांचे १९२७ पासूनचे ‘समाजस्वास्थ्य’. हा आपला अभिमानाचा वारसा आहे. पण ओळीने पाहा. बालवधू आहे, बालविधवा आहे, शिकणारी मुलगी आहे, मुले होऊ द्यावीत की नको या पेचातली तरुण स्त्री आहे. पंचेचाळीस वर्षांची स्त्री कोठे आहे? ती आहे, पण सासू म्हणून, आणि बहुधा खलनायिका म्हणून. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांचा लाखाहून अधिक असा प्रचंड संग्रह हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या प्रयत्नांनी जमला. त्यांत सुनेने सासूविषयी सांगितलेले दुःख उदंड आहे. सासूला मात्र तोवर जाते सुटलेले असते. कजाग, रात्री न झोपणारी, क्षणात रडणारी आणि क्षणात भांडी आपटणारी अशी ही सासू आपण दोनशे वर्षे नाटकांतून हसण्यावारी नेली. तिच्या वयाचा हिशेब कोणी मांडला नाही. सगळ्याच सासवांना मी माफी देत नाही, हे येथील सुनांनी लक्षात घ्यावे!

कोणी म्हणेल, त्या काळी स्त्रिया त्या वयापर्यंत जगत कोठे होत्या? १९५१ च्या सुमारास आपले सरासरी आयुर्मान अवघे बत्तीस वर्षे होते, हे खरे. पण सरासरी फसवते. ती इतकी खाली येई, त्याचे मोठे कारण बालमृत्यू. जी स्त्री बाळंतपणांतून निभावली, ती बऱ्याचदा पन्नाशी पाहत असे. आपल्या प्रत्येक घराण्यात एखादी दीर्घायुषी पणजी होतीच.

नियतकालिकांत थोडा प्रकाश दिसतो. किर्लोस्करांचा उद्योग मुळात आपल्या बेळगावातच सायकलीच्या दुकानातून सुरू झाला आणि १९१० साली किर्लोस्करवाडीस गेला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच घराने १९३० साली ‘स्त्री’ मासिक काढले. पुढे विद्या बाळ त्याच्या संपादक झाल्या आणि १९८९ साली त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. प्रौढ स्त्रीच्या शरीरमनाविषयी उघडपणे बोलण्याची सवय मराठी घरांना लावण्यात या मासिकांचा वाटा मोठा आहे. आमच्याच बेळगावच्या इंदिरा संत यांचा ‘गर्भरेशीम’ हा संग्रह १९८२ साली आला आणि १९८४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. प्रौढ स्त्रीच्या एकांताला त्यांच्या कवितेने जी प्रतिष्ठा दिली, ती कोणत्याही वैद्यकीय लेखाने दिली नसती. परंतु कवितेतून निदान काढणे हा कवितेवर अन्याय आहे, म्हणून तेथे मी थांबते.

हे सारे पांढरपेशा घरांचे झाले. निपाणीत बसून वखारीतील बायांविषयी न बोलणे लबाडीचे होईल. तंबाखू चाळणाऱ्या, कुटणाऱ्या, घरी बसून विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रियांवर या गावाची बाजारपेठ उभी राहिली. १९८० च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने त्या संघटित झाल्या. छाया दातार यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्या लढ्याचा अभ्यास मांडला आहे. १९८१ चे शरद जोशींचे तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन देशभर गाजले, त्यामानाने या बायांचा लढा कमी आठवला जातो. पुढे मजुरीच्या इतिहासासाठी मी त्यांतील काही वृद्ध स्त्रियांना भेटले. एकीला मी सहज विचारले. ती म्हणाली, ‘पाळी गेली ते बरं झालं, पन जाताना झोपबी घेऊन गेली बघा.’ पहाटे उठून डबा करून वखारीत जायचे, तंबाखूच्या धुरळ्यात उभे राहायचे, दुपारी घामाचे लोट आले तरी ते उकाड्याचे की वयाचे हे कळायचे नाही. न गेल्यास त्या दिवसाची मजुरी बुडे. आमच्या बाईंना दीड वर्ष रजा मिळाली. वखारीतल्या बाईला मिश्री मिळाली.

येथे एका प्रसिद्ध अभ्यासाचा उल्लेख केला पाहिजे. मार्शा फ्लिंट या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी राजस्थान व हिमाचल प्रदेशातील ४८३ राजपूत स्त्रियांशी बोलून १९७५ साली असे लिहिले की, पाळीतील बदल सोडता या स्त्रियांना ऋतुनिवृत्तीचा त्रास फारसा जाणवत नाही, कारण पडदा सुटतो आणि मान वाढतो. जपानी स्त्रियांत अंगातून वाफा निघण्याची तक्रार पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा कमी आढळते, असे मार्गारेट लॉक यांनीही १९९३ च्या आपल्या ग्रंथात दाखवले. समाज बदलला की शरीराचा अनुभवही काही अंशी बदलतो, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण फ्लिंटबाईंचा निष्कर्ष आपल्याकडे फार आवडीने सांगितला जातो, त्याचे कारण वेगळे आहे. आपल्या संस्कृतीत म्हाताऱ्या बाईला मान आहे, मग तिला दुःख कसले, असे म्हणता येते. ज्या बाईला मान मिळण्याऐवजी सून वेगळी निघाली, जिचा मुलगा पुण्याला गेला, जिच्यावर अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा आणि मुलीचे बाळंतपण एकाच वर्षी आले, तिला कोणता पडदा सुटला?

सीमाभागाची एक अडचण वेगळीच. १ नोव्हेंबर १९५६ नंतर येथील सरकारी कागदाची भाषा बदलली. दुखणे मराठीत, केसपेपर कानडीत किंवा इंग्रजीत. हाड मोडले तर भाषेवाचून अडत नाही. ‘उलघाल’ हा शब्द मात्र दुभाष्याच्या हातून ‘अशक्तपणा’ होऊन कागदावर उतरतो आणि त्यावर सलाईन लावले जाते. निपाणीच्या बाया म्हणून कोल्हापूर आणि मिरजेकडे वळत आल्या. ज्यांना गाडीभाडे परवडे त्या. कानडी मुलखातून सोलापूरकडे गेलेल्या कानडी बाईचे उलट दिशेने हेच होत असणार. मी हे भाषिक गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. मनाच्या दुखण्यात रुग्णाची भाषा हीच नाडी असते, एवढेच सांगते.

आज काय ठाऊक आहे? भारतीय स्त्रीची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते, पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा चार-पाच वर्षे आधी. पाळी अनियमित होऊ लागल्यापासून ती थांबल्यानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांपर्यंतचा काळ मनाच्या दृष्टीने नाजूक असतो. अमेरिकेत १९९० नंतर हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत, पूर्वी कधीही नैराश्य नसलेल्या स्त्रियांतही या संक्रमणकाळात ते येण्याचा संभव सुमारे दुप्पट वा अधिक आढळला. ज्यांना पूर्वी, विशेषतः बाळंतपणानंतर, असा त्रास झाला आहे त्यांना धोका आणखी अधिक. कारण म्हणून इस्ट्रोजेन कमी होण्यापेक्षा त्याचे वरखाली हेलकावणे महत्त्वाचे मानले जाते. त्या हेलकाव्यांचा मेंदूतील रसायनांवर परिणाम होतो, रात्री घाम फुटून झोप मोडते, आणि मोडलेली झोप उदासीला खतपाणी घालते. म्हणजे क्रेपेलिन यांचा स्वतंत्र रोग नाही, आणि वाइसमन यांच्या नंतरची बेफिकिरीही खरी नाही. बहुसंख्य स्त्रिया हा काळ मोठ्या त्रासावाचून पार करतात. ज्यांना त्रास होतो त्यांना तो खरा असतो. आपल्या देशातील २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीतही नैराश्याचे प्रमाण स्त्रियांत आणि चाळीस ते एकोणपन्नास या वयोगटात अधिक दिसले.

उपचार आहेत. २०१८ साली अमेरिकी तज्ज्ञांनी या विषयावर पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नैराश्याची नेहमीची औषधे आणि बोलण्याचे उपचार हाच पहिला मार्ग, आणि संक्रमणकाळात निवडक स्त्रियांना संप्रेरकाचा उपयोग होऊ शकतो, असे त्यांत म्हटले आहे. त्याआधी रक्त तपासावे, हे आपल्या मुलखात फार महत्त्वाचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. रक्तक्षय आणि थायरॉइडचा विकार, दोन्ही उदासीचे सोंग हुबेहूब घेतात. १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, तेथे मराठीतही बोलता येते आणि कानडीतही.

एक गोष्ट मला अस्वस्थ करते, ती उसाच्या फडाची. हंगामात बीडकडून टोळ्या येतात आणि आपल्या चिक्कोडी-निपाणी भागात, पलीकडे कोल्हापुरात कोयते चालतात. या ऊसतोड स्त्रियांपैकी अनेकींचे गर्भाशय तरुण वयातच काढलेले आहे, हे २०१९ साली उघडकीस आले. महाराष्ट्र शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातील लंबाणी स्त्रियांविषयी अशीच तक्रार त्याआधी गाजली होती. शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले गेले, तर जो बदल निसर्ग चार-पाच वर्षांत करतो तो एका रात्रीत होतो, आणि त्यानंतर येणारी खिन्नता अधिक तीव्र असू शकते. तिशीतल्या बाईला हे कोणी समजावून सांगत नाही. पाळीमुळे बुडणारी मजुरी आणि मुकादमाचा दंड टाळण्यासाठी तिने पिशवी काढून घेतली. ज्याला ती सुटका समजली त्याची ही बाजू तिला पुढच्या हंगामात कळते.

बाईंच्या वहीकडे एकदा परत येते. १९७० च्या पानांत यजमानांच्या अक्षरात काही खर्च आहेत : कोल्हापूरचे गाडीभाडे, डॉक्टर, इंजेक्शने, नारळ, लिंबू, पुन्हा डॉक्टर. एका जागी ‘धारवाड चौकशी’ असे लिहून खोडले आहे. त्या दीड वर्षात घरच्यांनी जे सुचले ते सर्व केले, हे या खर्चावरून दिसते; कोणी दुष्ट नव्हते. कशाने गुण आला, हे वहीवरून सांगता येत नाही. कदाचित फक्त काळ गेला. १९७१ च्या जूनमध्ये बाईंच्या हातची पहिली नोंद शाळेसाठी घेतलेल्या छत्रीची आहे.

ही वही बाईंच्या कन्येने शाळेच्या ग्रंथालयास देण्याचे मान्य केले आहे. माझी येथील माजी विद्यार्थिनींना विनंती आहे की, दिवाळीच्या आवराआवरीत आईच्या, सासूच्या अशा वह्या निघतात आणि रद्दीवाल्याकडे जातात. देण्यापूर्वी कडेच्या रकान्यात फुल्या आहेत का, ते पाहावे. असल्यास वही ठेवावी, आणि हरकत नसेल तर मला पाहावयास द्यावी. नाव उघड होणार नाही, याची जबाबदारी माझी.